फुंडेजींचं नाक आणि चार स्कूटर

स्मृति नगरातल्या गाड्या रविवारी सकाळी आजारी पडत. कुरकुर त्यांची आठवडाभर चाललेली असायचीच. कुणाची ओव्हरब्रिजच्या चढावर खोकायची, कुणाची सकाळी उठायला का-कू करायची, कुणाचं अ‍ॅव्हरेज उतरलेलं असायचं. पण दाखवायला आणायच्या त्या रविवारीच, कारण हिरालाल फुंडे रविवारीच बघत.

बघत म्हणजे हुंगत. घरासमोरच्या बदामाखाली त्यांची खुर्ची असे. गाडी पुढे आली की ते उठत, चष्मा काढून खिशात ठेवत आणि मालकाला टाकीचं झाकण उघडायला सांगत. स्वतः ते कधी उघडत नसत. परक्याच्या गाडीच्या झाकणाला हात लावू नये, असा त्यांचा नियम होता. मग हात पाठीशी बांधून, टाकीच्या तोंडाशी वाकून, डोळे मिटून ते एक श्वास घेत. एकच. दुसरा घेतला तर पहिल्याचा अपमान होतो, असं ते म्हणत.

"बायपासचं होय हे," ते डोळे न उघडता सांगत.

"नाही काका, चौकातलं आहे," एकदा गीतांजली म्हणाली होती. ती हुडको वसाहतीत राहायची, शाळेत शिकवायची आणि स्कूटर घेऊन महिन्यातून एकदा तरी यायची.

"चौकात तू भरलं असशीन. टँकर बायपासचा होता."

यावर गीतांजलीनं झाकण लावलं आणि मोबाइल काढला.

फुंडेजींच्या मते तिन्ही पंपांच्या पेट्रोलची प्रकृती वेगळी होती. चौकातलं थंड. रेल्वे फाटकाजवळचं उष्ण. बायपासचं वातूळ, वाईट नव्हे, पण म्हाताऱ्या गाडीनं जपून घ्यावं असं. पंच्याण्णव ऑक्टेनचं महागडं पेट्रोल पौष्टिक, पण पचायला जड. आणि शंभर नंबरी म्हणजे निव्वळ लोणी, ते स्कूटरला घालायचं नाही, अंगाला लागत नाही आणि सवय मात्र लागते. गाडी हुंगून झाली की ते पथ्य सांगत. "दोन टाक्या चौकाच्या. मंग एक टाकी पंच्याण्णववाली. उपाशीपोटी." उपाशीपोटी म्हणजे काटा रिझर्व्हवर आल्यावर. लोक मान डोलावत आणि मोबाइलवर लिहून घेत.

आणि गाड्या बऱ्या होत. सगळ्या नाही, पण पुष्कळ. ज्या होत नसत, त्यांच्या मालकांनी पथ्य मोडलेलं असे. विचारलं की कुणीतरी कबूल करेच, की हो काका, मधे एकदा दुर्गला गेलो होतो, तिथं भरलं.

हिरालाल मूळचे आमगावकडचे. घरी धानाची शेती, भाऊ चार. बाविसाव्या वर्षी ते भिलाईला आले आणि पोलादाच्या प्लांटच्या बेंझॉल विभागात लागले. कोळसा भाजून कोक करताना जो वायू निघतो, त्यातून बेंझॉल काढतात. तिथं छत्तीस वर्षं त्यांनी काढली. त्या विभागात सगळ्याला वास. कपड्यांना, डब्यातल्या पोळीला, पगाराच्या पाकिटाला. इतरांचं नाक दोन वर्षांत थकून मुकाट होई. फुंडेंचं उलट झालं, ते शिकत गेलं. कुठल्या टाकीतला माल कुठल्या नळीतून आला, हे त्यांना वासावरून कळू लागलं. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी गंमत म्हणून लेबल काढलेल्या सात बाटल्या पुढे ठेवल्या. फुंडेंनी सातही ओळखल्या. लॅबनं तपासून सही केली. त्या दिवशी मिळालेलं घड्याळ पुढे बंद पडलं, शालीला कसर लागली, पण सात बाटल्या मात्र त्यांच्याजवळ राहिल्या. रात्री झोप लागली नाही की ते त्या एकेक करून मनात उघडत.

पेट्रोलचं खातं पुढे आपोआप सुरू झालं. निवृत्तीनंतर घेतलेली जुनी गाडी चढावर खडखडू लागली, तेव्हा त्यांनी टाकीत नाक घातलं, "पोट बिघडलं हिचं," म्हणाले आणि पंप बदलला. खडखड थांबली. त्याच दिवशी मुलानं, भूपेंद्रनं, ऑफिसातून येताना गाडीचे प्लग साफ करून घेतले होते, पण ते तो सांगायला विसरला, आणि आठवलं तेव्हा अंगणात सहा गाड्या उभ्या होत्या.

*

संक्रांतीच्या आठवड्यात हिरालालना ताप आला. चार दिवसांत गेला. पाचव्या दिवशी ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पेपर वाचत बसले होते. पत्नी सिंधुताई अंगणातून धावत आल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. दूध उतू जाऊन, करपून, भांड्याचं बूड काळं झालं होतं. घरभर धूर.

"अजी, नाक काय गहाण टाकलं का? दोन हातावर दूध जळून राहिलं अन् तुमी पेपर वाचून राहिले!"

"वाचत होतो ना," हिरालाल म्हणाले.

त्यांनी भांडं हातात घेऊन तोंडाजवळ नेलं. काही नाही. मग कांदा कापून पाहिला. डोळ्यांत पाणी आलं, वास आला नाही. सिंधुताई बाहेर गेल्यावर त्यांनी हिंगाची डबी उघडली, मग रॉकेलची जुनी बाटली, मग देवघरातला कापूर. सगळीकडे कुणीतरी खिडकी लावून घेतल्यासारखं झालं होतं. ते परत स्टुलावर येऊन बसले आणि पेपरचं तेच पान पुन्हा वाचू लागले.

दोन दिवसांनी रविवार होता.

त्या रविवारी ते वाकले, डोळे मिटले आणि एक श्वास घेतला. आत नुसती हवा गेली. मागे सात गाड्या उभ्या होत्या. पहिला माणूस प्रवीण, सेक्टर सहामधला, नवीन गाडीवाला, झाकण हातात धरून आशेनं बघत होता.

"फाटकाजवळचं," हिरालाल म्हणाले.

"एकदम सही काका!"

पुढचे पाच-सहा रविवार असेच गेले. आणि मग एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली, जिच्यामुळे त्यांची झोप पुरतीच उडाली. नाक असताना जेवढ्या गाड्या बऱ्या होत होत्या, तेवढ्याच नाक नसतानाही होत होत्या. एखादी जास्तच, कमी नाही. मग आधी तरी ते काय हुंगत होते? आणि त्याच्याही आधी? ते घाईघाईनं सात बाटल्यांकडे वळत. पहिली टोल्युइनची. ती आठवे, पण तिचा वास आठवत नसे. वास कसा आठवायचा, हेच त्यांना आता आठवत नव्हतं.

एवढं एक राहायला हवं होतं. रविवार जावा, गाड्या जाव्यात, पण त्या सात बाटल्या खोट्या होत्या, असं कुणी म्हणू नये.

*

ते म्हणायला माणूस तयारच होता. श्यामराव पांढरीपांडे. प्लांटच्या लॅबमधून निवृत्त झालेले रसायनतज्ज्ञ, मूळ नागपूरचे, गल्लीच्या टोकाला राहणारे. रोज सकाळी फिरायला निघत आणि रविवारी मुद्दाम याच बाजूनं जात.

"फुंडे, ऑक्टेन नाकाला कळत नसतं हो," मार्चच्या पहिल्या रविवारी ते सगळ्यांसमोर म्हणाले. "ते मोजायला इंजिन लागतं. वेगळं, त्या कामाचंच."

"मले लागत नाही," हिरालाल म्हणाले.

"अहो, ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. ऑक्टेन म्हणजे धीर. इंजिनात दाब वाढला तरी वेळेआधी पेटायचं नाही, हा धीर. ज्या इंजिनात तेवढा दाबच नाही, त्यानं जादा धीर घेऊन काय करायचं? लोणचं घालायचं?"

"अन् पंप?" प्रवीणनं विचारलं.

"बहुतेक एकाच डेपोचं पेट्रोल असतं. वर ज्याची त्याची चिमूटभर दवा. टाकीच्या झाकणाच्या आत, नाहीतर गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं काय भरायचं ते. वाचता येतं ना तुम्हाला? इंजिनिअर आहात."

प्रवीणला अपमान वाटला. इतरांनाही वाटला. आपली गाडी पुस्तकात लिहिल्याएवढी साधी आहे, हे कुणालाच आवडलं नाही.

"पांढरीपांडे साहेब, तुमी टेस्ट घ्या काकांची," कुणीतरी मागून ओरडलं. "होऊनच जाऊ द्या!"

"घेतो ना. तीन पंप आणि एक पंच्याण्णववालं. चार नमुने. ओळखले तर मी स्वतः माझी गाडी रांगेत लावीन. नाही ओळखले, तर हा दवाखाना बंद."

सगळे हिरालालकडे बघू लागले. नाही म्हणायची ती वेळ होती. पण नाही म्हणणं म्हणजे सात बाटल्याही परत करणं.

"घ्या," ते म्हणाले.

*

इथवर गोष्ट दोन माणसांची होती. इथून पुढे ती निवृत्त कर्मचाऱ्यांच्या हातात गेली, आणि तिथं काही हातात गेलं की ते पद्धतशीर होतं.

पहिला प्रश्न नमुन्याचा आला. प्लांटमध्ये नमुना कधी एकट्यानं घेत नसत. दोन्ही बाजूंची माणसं हजर हवीत, दोघांच्या सह्या हव्यात, वर सील हवं. त्याप्रमाणे दोन्ही बाजूंचे दोन-दोन प्रतिनिधी नेमले गेले. ते बाटल्या घेऊन चौकातल्या पंपावर गेले. पंपवाल्यानं सांगितलं, बाटलीत मिळणार नाही, गाडीत भरून न्या. यावर संध्याकाळी बैठक झाली. ठरलं की स्कूटर हीच बाटली समजावी.

मग चार स्कूटर गोळा केल्या. पण त्यांच्या टाक्यांत आधीचं पेट्रोल होतं, म्हणजे नमुना दूषित झाला असता. तेव्हा त्या रिकाम्या होईपर्यंत चालवायचं ठरलं. शनिवारी दुपारी चार निवृत्त माणसं हेल्मेट घालून स्मृति नगराला घिरट्या घालत होती. कुठंही जायचं नव्हतं. एकेक स्कूटर जिथं बंद पडली, तिथून ती ढकलत पंपावर नेली. चिंधूजी नंदेश्वर यांची स्कूटर काही केल्या बंद पडेना. अंधार पडायला आला तेव्हा ते ती एका हातानं चालवत दुसऱ्या हातानं सुनेला फोन लावत होते, की जेवायला थांबू नका, ही लय अ‍ॅव्हरेज देऊन राहिली.

टाक्या भरल्यावर झाकणांना सील लावायचं होतं. लाख आणली. ती वितळवायला मेणबत्ती पेटवणार, तोच नरेश मानकर धावत आले. ते सेफ्टी विभागातून निवृत्त झाले होते.

"पेट्रोलच्या टाकीवर मेणबत्ती? शिकले-सवरले हायत का तुमी?"

शेवटी सिंधुताईंकडून कणकेचा गोळा मागवला. झाकणावर कणीक थापून त्यावर श्यामरावांच्या अंगठीचा ठसा उमटवला. नंबरप्लेटवर वर्तमानपत्रं बांधली. रात्री एका गाईनं दोन नंबरच्या स्कूटरचं सील खाल्लं, पण ते साक्षीदारासमोर खाल्लं असल्यानं फक्त नवीन सील लावून, तशी नोंद करून भागवलं.

नरेश मात्र आता गप्प बसणार नव्हते. उघडं पेट्रोल, सार्वजनिक जागा, गर्दी. त्यांनी धोक्याचं काम करण्याआधी भरायच्या जुन्या वर्क परमिटच्या झेरॉक्स काढल्या. गणपतीच्या पटांगणावर वाळूच्या चार बादल्या ठेवल्या. सगळ्यांचे मोबाइल एका पातेल्यात जमा करून पातेलं दूर नेलं. शेजारच्या देवळात उदबत्ती जळत होती. पुजाऱ्याला जाऊन सांगितलं की साडेआठ ते साडेनऊ शटडाउन आहे. पुजाऱ्यानं ते लेखी मागितलं. लेखी दिलं.

रविवारी साडेआठला सव्वाशे माणसं जमली. नरेशनी सगळ्यांना आधी पाच मिनिटं सुरक्षेवर भाषण दिलं, आग लागली तर कडुनिंबाखाली जमायचं, हे सांगितलं आणि मग परमिटवरचा शेवटचा मुद्दा वाचला.

"पेट्रोलमधी बेंझिन असते. त्याच्यामुळं नमुन्याजवळ जाणाऱ्यानं मास्क लावणे बंधनकारक."

मग गीतांजली म्हणाली, "पण काका, त्यांना वासच घ्यायचा आहे ना?"

"घेऊ दे ना. कोणी नाही म्हटलं? मास्क लावून घ्यायचा."

"अरे नरेश, मास्कमधून वास कसा येईल?" श्यामराव.

"साहेब, प्रेशरच्या मीटरले समोरून काच असते का नसते? काच काढून कोणी रीडिंग घेते का?"

बराच वाद झाला. पण परमिटवर श्यामरावांचीच सही होती. त्यांनी न वाचता केली होती. मास्क आला. काळ्या कोळशाचा, दोन्ही गालांवर डबे असलेला, पन्नास पावलांवरचा उकिरडाही कळू नये असा.

हिरालालनी तो तोंडावर चढवला आणि पट्टा मागे ओढला. आपण वाचलो, हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आता काहीही सांगितलं तरी चालणार होतं. चुकलं तर मास्क चुकला. बरोबर आलं तर काय, मास्कमधूनही ओळखतो असं म्हणत लोक मिरवतील, गणपतीत सत्कार होईल. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल झाले.

ते पहिल्या स्कूटरजवळ गेले. श्यामरावांनी कणीक फोडली, झाकण उघडलं. हिरालाल हात पाठीशी बांधून वाकले.

मास्कच्या आत त्यांना त्यांचाच श्वास ऐकू येत होता. प्लांटमध्ये असाच ऐकू यायचा. त्यांना पाइपलाइनचा जिना आठवला, हिवाळ्यातली पहाटेची पाळी, वाफ, आणि वर चढताना आधी नाकाला आणि मग डोळ्यांना कळणारा तो विभाग. तिथं त्यांनी कधी अंदाजानं काही सांगितलं नव्हतं. कळलं नाही तर ते कळलं नाही म्हणत. सात बाटल्या त्या माणसानं ओळखल्या होत्या. आता इथं त्यांनी तुक्का मारला, तर त्या माणसाशी त्यांचं नातं काय राहणार होतं?

हिरालालनी मास्क काढला.

"पीपीई!" नरेश ओरडले. "फुंडेजी, पीपीई!"

"मले वास येत नाही," हिरालाल म्हणाले.

"म्हून तर म्हटलं मास्क काढा," मागून कुणीतरी.

"मास्कचं नाही सांगून राहिलो. संक्रांतीपासून येत नाही."

प्रवीण पुढे आला. "या स्कूटरचा येत नाही का काका?"

"कोणत्याच स्कूटरचा नाही. दुधाचा नाही, कांद्याचा नाही. तुझ्या गाडीचं मी फाटकाजवळचं सांगतलं ना, ते असंच सांगतलं."

"पण बरोबर होतं!"

"तेच त म्हणतो," हिरालाल म्हणाले.

बायकांच्या बाजूनं सिंधुताई उठल्या. हातात उरलेल्या कणकेची परात होती. "मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तीनदा मुद्दाम भात करपवला मी. तिन्हीदा चांगला झाला म्हणे. कधी नाही म्हटलं जन्मात, अन् करपला तवा म्हणे."

"मंग बोलली कावून नाही?"

"तुमीच सांगसान म्हून. नवऱ्यानं सांगायच्या आधी मी कशाले सांगू?"

कुणी हसलं नाही. हिरालाल खाली मान घालून उभे होते. आता श्यामराव बोलतील, याची ते वाट बघत होते. दवाखाना बंद, असं म्हणतील. त्याचं काही नव्हतं. त्यानंतर ते जे म्हणतील, त्याची धास्ती होती.

श्यामरावांनी आधी स्कूटरचं झाकण लावलं. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "तापानंतर गेला का?"

"हो."

"डॉक्टरला दाखवलं?"

"काय म्हणून दाखवू? नाक दाखवायले आलो म्हणू?"

"उद्या सेक्टर नऊच्या हॉस्पिटलात जाऊ. मी येतो."

तेवढ्यात नरेशनी शिटी वाजवली. चाचणी चालू असताना उपकरण बंद पडलं, तर काय करायचं याची पद्धत ठरलेली होती आणि ती पाळल्याशिवाय त्यांना परमिट बंद करता येत नव्हतं. त्यांनी पिशवीतून लाल टॅग काढला, बंद मशीनला बांधतात तो, आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं.

"उपकरणाचं नाव?"

"नाक," कुणीतरी म्हणालं.

"बिघाड कवापासून? संक्रांत. ठीक. त्याच्या आधीचे रीडिंग धरायचे का रद्द करायचे?"

हिरालालनी मान वर केली.

"धरायचे," श्यामराव म्हणाले. "मीटर बंद पडला म्हणून खोटा ठरत नाही, नरेश. बंद ठरतो. तू सेफ्टीत होतास, एवढं माहीत पाहिजे."

"ऑक्टेन नाकाले कळत नाही म्हणत होते ना साहेब तुमी?"

"ते अजूनही म्हणतो. पेट्रोलच्या सगळ्या गप्पा होत्या, त्या रद्द. पण बेंझॉलचं धर. ते आमच्या लॅबनं तपासलंय."

नरेशनी बेंझॉलचं धरलं. पेट्रोलचं रद्द करायला मात्र सभेनं ठाम नकार दिला. प्रवीण तर म्हणाला, की पद्धत म्हणजे पद्धत. प्लांटमध्ये मीटर बंद पडला की दुरुस्त होईपर्यंत शेवटचं रीडिंग चालू धरतात. तेव्हा ज्याच्या गाडीला काकांनी शेवटचं जे पथ्य सांगितलं, तेच पुढच्या आदेशापर्यंत लागू राहावं. सव्वाशे हात वर झाले. श्यामराव कपाळाला हात लावून वाळूच्या बादलीवर बसले.

*

पुढच्या रविवारी बदामाखाली खुर्च्या दोन होत्या. लाल टॅग अंगणाच्या फाटकाला बांधला होता. डॉक्टरनं सांगितलं होतं, वास येईल किंवा येणार नाही, सकाळ-संध्याकाळ लवंग आणि लिंबू हुंगत राहा. हिरालाल दोन डब्या खिशात घेऊन बसले होते आणि मधूनमधून एक उघडत होते. लवंग आहे, हे डोळ्यांनी बघून ते स्वतःला सांगत.

रांग लागलीच. आपलं शेवटचं रीडिंग काय होतं, हे निम्म्या लोकांना आठवत नव्हतं. समृद्धी कॉम्प्लेक्समधून आलेल्या एका जोडप्याची गाडी नवी होती, तिला रीडिंगच नव्हतं. त्यांनी शेजारच्या दोन गाड्यांची सरासरी काढून मागितली. श्यामराव प्रत्येकाला झाकण उघडायला लावून आतला कागद मोठ्यानं वाचून दाखवत होते. लोक आदरानं ऐकत आणि मग हिरालालकडे बघत.

अकराच्या सुमाराला एक माणूस आला. राजकुमार नाव सांगितलं, कुम्हारीहून मुद्दाम आला होता. त्याला टॅगचं कुणीतरी सांगितलं, पण त्याचं काही बिघडलं नाही.

"काका, वास राहू द्या. नुसतं तुमचं मत सांगा. कुठलं भरू?"

"जो पंप जवळ असन, तो," हिरालाल म्हणाले. "साधं. पुस्तकात लिहिलं असन ते."

आयुष्यात पहिल्यांदा पेट्रोलबद्दल त्यांनी खरं सांगितलं होतं. त्यांना हलकं वाटलं. राजकुमारनं मोबाइल काढला, जवळचा पंप, साधं, असं लिहिलं आणि मान वर केली.

"किती टाक्या?"

हिरालालनी त्याच्याकडे पाहिलं. माणूस घामानं भिजला होता, पंधरा-वीस किलोमीटर आला होता, आणि त्याचं बोट अजून मोबाइलवर होतं.

"तीन," ते म्हणाले.

राजकुमार नमस्कार करून गेला. गाडी वळून दिसेनाशी झाली तसे श्यामराव उसळले. "तीन? तीन कशाला हो?"

"नाही सांगतलं असतं तर तो गेला नसता," हिरालाल म्हणाले. "तीन भरन. चौथीले सवय होऊन जाईन."

त्यांनी लिंबाची डबी उघडून नाकाशी धरली, डोळे मिटले आणि एक श्वास घेतला. मग थोडं थांबून दुसरा घेतला.